‘माझं काय चुकलं?’

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका बाईचा पाच वर्षांचा मुलगा हृदयाच्या दुखण्याने गेला. दिवसकार्य आटोपल्यावर बचत गटातल्या आम्ही तिघी-चौघी तिला भेटायला गेलो. पाहुणे पांगले होते. ती भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून डोळे कोरडे झालेले. बऱ्याच वेळाने माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, ‘‘ताई, माझं काय चुकलं?’’

मी नेहमीचंच बोलले. ‘‘तुझं काही चुकलं नाही गं. जन्मापासूनच दोष होता, डॉक्टरांनी सांगितलंय ना?’’ तिने मान हलवली, पण तिला काही ते पटलं नव्हतं. ग्रहणात हातात विळी धरली होती, कुलदेवीचा नवस फेडायचा राहिला होता, दिवस भरत आलेले असताना हट्टाने माहेरी गेले होते... एकेक आठवून ती सांगत राहिली. शेजारी बसलेल्या बायकांपैकी एकीच्याही तोंडून ‘असं नसतं’ निघालं नाही. उलट एक आजी हळूच म्हणाल्या, ‘‘मागच्या जन्मीचं काही असेल बाई.’’ त्यांना तिला दुखवायचं नव्हतं, उलट धीरच द्यायचा होता.

घरी आले तरी तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना. पुढे काही महिन्यांनी माझी भाची पुण्याहून आली, तिने एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. ‘व्हाय रिलिजन?’ म्हणजे ‘धर्म कशासाठी?’ लेखिका एलेन पेगल्स, अमेरिकेतल्या प्रोफेसर. विषय ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांचा इतिहास. मी म्हटलं, ‘‘अगं, मला काय कळणार यातलं?’’ तर म्हणाली, ‘‘मावशी, वाच तर खरं. तुझ्या त्या बाईचाच प्रश्न आहे त्यात.’’ माझं इंग्रजी बी.ए.पुरतंच. डिक्शनरी शेजारी घेऊन दुपारच्या वेळात वाचत गेले. मैत्रिणींनो, आज त्याच पेगल्सबाईंबद्दल तुम्हाला सांगायचं आहे.

एलेन यांचा जन्म १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. वडील जीवशास्त्राचे संशोधक, घरात देवधर्माला फारसा थारा नाही. शाळकरी वयात मैत्रिणींबरोबर त्या बिली ग्रॅहम या गाजलेल्या धर्मोपदेशकाच्या सभेला गेल्या आणि भारावून गेल्या. घरच्यांना रुचलं नाही तरी चर्चमध्ये जाऊ लागल्या. पुढे त्यांचा एक जवळचा मित्र मोटार अपघातात गेला. ऐन सोळा-सतराचं वय. दुःखाने कोसळलेली ही मुलगी आधारासाठी चर्चमधल्या मंडळींकडे गेली. त्यांनी विचारलं, तो आपल्यासारखा ख्रिस्ती होता का? नाही, तो ज्यू होता. मग तो नरकात गेला असणार, असं उत्तर मिळालं. एलेन तिथून निघाल्या आणि त्या चर्चमध्ये पुन्हा गेल्या नाहीत.

आपण असतो तर तिथेच विषय संपवला असता. ‘हे सगळं थोतांड’ म्हणून मोकळ्या झालो असतो, नाहीतर गुपचूप परत गेलो असतो. एलेनना मात्र वाटलं, त्या सभेत आपण इतक्या हेलावलो ते काहीतरी खरं होतं, मग ते नेमकं काय होतं? ते मुळापासून बघायचं म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी ग्रीक भाषा शिकायला घेतली. कारण बायबलचा ‘नवा करार’ मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला आहे.

मधला काही काळ त्या न्यूयॉर्कला जाऊन मार्था ग्रॅहम यांच्या संस्थेत नृत्य शिकल्या. पण शेवटी अभ्यासच खरा, असं ठरवून हार्वर्ड विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज केला. उत्तर आलं ते आपल्या ओळखीचंच आहे. तुमची योग्यता आहे, पण आमचा अनुभव असा की मुली अभ्यासक्रम अर्धवट सोडून जातात. वर्षभराने तुमची इच्छा टिकून राहिली तर प्रवेश देऊ, अशा अर्थाचं. ‘शिकून काय करणार, शेवटी संसारच ना?’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय! ते हार्वर्डसारख्या ठिकाणीही लेखी दिलं जात होतं, हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. एलेन वर्षभर थांबल्या, पुन्हा गेल्या आणि १९७० मध्ये पीएच.डी. होऊनच बाहेर पडल्या.

आता हा अभ्यास म्हणजे काय, ते थोडं सांगते. मलाही आधी वाटलं होतं, बायबलच्या प्रोफेसर म्हणजे प्रवचन करणाऱ्या कुणीतरी असतील. तसं मुळीच नाही. धर्मगुरू ‘यावर विश्वास ठेवा’ म्हणतो. हे प्राध्यापक विचारतात, हे कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, कुणासाठी लिहिलं? मूळ हस्तलिखित आज कुठेच नाही, मग नकला करताना काय बदललं? येशूची बोली अरामी, पण त्याच्या चरित्राची चारही शुभवर्तमानं ग्रीकमध्ये. त्यातलं सर्वांत जुनं मार्कचं, तेही येशूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी लिहिलेलं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याहून जुनी आहेत ती संत पौलाची पत्रं. हे सगळं ताडून बघायचं तर ग्रीक, हिब्रू, लॅटिन, कॉप्टिक अशा भाषा हव्यात. वर्गात बसणारी मुलं ख्रिस्ती, ज्यू, कुठलाच धर्म न मानणारी अशी कुणीही असतात. गाथेची वेगवेगळी हस्तलिखितं ताडून शुद्ध प्रत तयार करणारे आपल्याकडचे अभ्यासक असतात ना, काहीसं तसंच काम.

या कामात केवढी ताकद असते, याचं एक उदाहरण बघा. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी नमस्कारांची यादी आहे. त्यात फिबी नावाची सेविका आहे, आणि युनिया आहे, प्रेषितांमध्ये नावाजलेली. युनिया हे बाईचं नाव. पुढच्या काळात काहींना वाटलं, बाई कशी प्रेषितांमध्ये असेल? म्हणून तिचं नाव पुरुषाचं करून टाकलं गेलं. नावाचा शेवट जरासा बदलला आणि एक बाई इतिहासातून गायब! जुनी हस्तलिखितं तपासून अभ्यासकांनी तिला परत आणलं. शिवाय बायकांनी मंडळीत गप्प राहावं, शिकवू नये, असा दंडक ज्या ‘तिमथ्याला पहिलं पत्र’ मध्ये आहे, ते पत्र पौलाने स्वतः लिहिलेलंच नसावं, असं आज बहुसंख्य अभ्यासकांचं मत आहे.

पेगल्सबाईंच्या वाट्याला मात्र याहून मोठं घबाड आलं. १९४५ च्या डिसेंबरात इजिप्तमध्ये नाग हम्मादी गावाजवळ शेतकऱ्यांना एक मातीचं मोठं मडकं सापडलं. शेतात घालायला खतासारखी माती खणताना ते हाती लागलं, असं सांगतात. आत कातडी बांधणीतल्या पपायरसच्या जुन्या वह्या. त्यातली काही पानं घरातल्या बाईने चुलीत घातली, अशीही गोष्ट सांगितली जाते. ती कितपत खरी यावर आता वाद आहेत. उरल्या त्या तेरा वह्या आणि त्यातले पन्नासच्या वर ग्रंथ. कॉप्टिक भाषेतले, सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी उतरवलेले. थोमाचं शुभवर्तमान, फिलिपचं शुभवर्तमान... ज्यांना चर्चने पाखंडी ठरवून बाजूला सारलं होतं ते ग्रंथ! ३६७ साली अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांनी एका पत्रात नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांची यादी दिली आणि बाकीची नाकारा असं बजावलं. त्या सुमाराला कुणीतरी, बहुधा जवळच्या मठातल्या कुणी, या वह्या जपून ठेवल्या असाव्यात, असा बऱ्याच अभ्यासकांचा तर्क आहे.

एलेन हार्वर्डला पोचल्या तेव्हा हे ग्रंथ अजून जगापुढे आले नव्हते. प्राध्यापकांच्या कपाटांत त्यांच्या प्रती पडून होत्या. एलेन कॉप्टिक शिकल्या, ते ग्रंथ अभ्यासणाऱ्या गटात सामील झाल्या, पुढे कैरोच्या कॉप्टिक म्युझियममध्ये जाऊन त्यांनी मूळ पानंही पाहिली. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड या मुलींच्या कॉलेजात शिकवता शिकवता त्यांनी ‘द नॉस्टिक गॉस्पेल्स’ हे पुस्तक लिहिलं. १९७९ मध्ये ते आलं आणि अमेरिकेतला मानाचा नॅशनल बुक अ‍ॅवॉर्ड त्याला मिळाला. सुरुवातीला ख्रिस्ती धर्म एकच एक नव्हता, त्यात अनेक मतं होती, काही गट देवाला पिता तसंच माताही म्हणत, काही गटांत बायका उपदेश करत. मग एक मत ‘खरं’ ठरलं आणि बाकीची पुसली गेली. हे सगळं त्यांनी साध्या वाचकाला समजेल असं सांगितलं.

याच जातीचं आणखी एक पुस्तक आहे, मरीयेचं शुभवर्तमान. ते नाग हम्मादीचं नव्हे, १८९६ मध्ये कैरोत एका जर्मन विद्वानाने विकत घेतलेल्या वहीतलं. त्याची बरीच पानं हरवलेली आहेत. जे उरलंय त्यात येशूने आपल्याला काय सांगितलं ते मग्दालीया मरीया शिष्यांना सांगते. त्यावर पेत्र चिडतो. आपल्याला वगळून गुरू एका बाईशी बोलले असतील? मरीयेला रडू येतं. मग लेवी तिची बाजू घेतो. हे वाचताना मला आमच्या ग्रामसभा आठवल्या. बाई बोलायला उभी राहिली की आधी ‘तुला कुणी सांगितलं?’ हाच प्रश्न! याच मरीयेला पुढे पतित स्त्री ठरवलं गेलं. ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी प्रवचनात तिची आणि दुसऱ्याच एका पापी बाईची गोष्ट एक केली, आणि ते बिरुद तिला शतकानुशतकं चिकटलं. बायबलमध्ये तसं कुठेही म्हटलेलं नाही.

अर्थात पेगल्सबाईंवर टीकाही झाली. या जुन्या गटांचं चित्र तुम्ही फार गोड रंगवलंत, असं काही अभ्यासक म्हणाले. त्यात तथ्य आहे. थोमाच्या शुभवर्तमानात ११४ वचनं आहेत. शेवटच्या वचनात मरीयेला ‘पुरुष’ केल्याशिवाय तिला देवाच्या राज्यात प्रवेश नाही, अशा अर्थाचं बोलणं येतं. तेव्हा त्या काळी सगळीकडे बायकांचं राज्य होतं असं मुळीच नाही. पण एकच वाट नव्हती, एवढं मात्र दिसतं.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येते. एलेन यांचा विवाह १९६९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हाइन्झ पेगल्स यांच्याशी झाला होता. १९८० मध्ये मुलगा झाला, मार्क. त्याच्या हृदयात जन्मजात दोष होता. वर्षाचा असताना ऑपरेशन झालं. सगळं सुरळीत झालं असं वाटत असतानाच, अडीच वर्षांचा असताना, फुप्फुसाचा दुर्धर आजार निघाला. त्यावर तेव्हा उपाय नव्हता. दोन दिवसांनी रविवारी पहाटेच्या थंडीत बाई धावायला बाहेर पडल्या आणि ऊब मिळावी म्हणून न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये शिरल्या. किती वर्षांनी! मागेच उभ्या राहिल्या. प्रार्थना चालली होती. तेव्हा त्यांच्या मनात आलं, मरणाला सामोरं कसं जायचं हे या लोकांना ठाऊक आहे. लक्षात घ्या, त्यांचा जुन्या मतांवर विश्वास बसला असं नाही. पण माणसं धर्माकडे का येतात, याचं एक उत्तर त्यांना पुस्तकाबाहेर मिळालं.

१९८७ मध्ये मार्क गेला. सहा वर्षांचा होता. आणि इतकं शिकलेली, जगभर नावाजलेली ही प्राध्यापक लिहिते, की त्यानंतर तिला अपराधी वाटत राहिलं. आईचं काम मुलाला जगवणं आणि तेच आपल्याला जमलं नाही! मैत्रिणींनो, इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. भिंतीला टेकून बसलेली ती बाई आणि प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ह्या प्रोफेसर, दोघी एकाच ठिकाणी बसल्या होत्या.

पण पेगल्सबाई तिथेच थांबल्या नाहीत. ही अपराधाची भावना येते कुठून, याचा त्यांनी शोध घेतला. पाश्चात्त्य समाजात ती मुख्यतः आदाम आणि हव्वेच्या गोष्टीतून झिरपली आहे. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात हव्वा मना केलेलं फळ खाते, आदामाला देते, आणि देव तिला सांगतो की तुला वेदनेत बाळंत व्हावं लागेल. पण या गोष्टीचा अर्थ सगळे एकसारखा लावत नव्हते. पहिली तीन-चारशे वर्षं बरेच ख्रिस्ती आचार्य ही गोष्ट माणसाच्या स्वातंत्र्याची आहे असं शिकवत. बरं-वाईट निवडायची मोकळीक माणसाला आहे, हा तिचा धडा. मग उत्तर आफ्रिकेतले बिशप संत ऑगस्टीन (३५४ ते ४३०) म्हणाले, आदामाच्या पापाने सगळी मानवजातच बिघडली. मरण, दुखणी, बाळंतपणाच्या कळा ही त्या पापाची शिक्षा. जन्माला येणारं तान्हं बाळसुद्धा हे आदिपाप घेऊनच येतं.

इटलीतले तरुण बिशप ज्युलियन यांनी त्यांना विरोध केला. ते म्हणाले, मरण हे निसर्गाचंच आहे, शिक्षा नव्हे. कळा तर जनावरांनाही येतात, त्यांनी कुठलं पाप केलं? आपल्या गोठ्यात गाय विताना बघितलेल्या कुठल्याही बाईला हे पटेल! पण तोवर राजसत्ता आणि चर्च हातात हात घालून चालू लागले होते. ज्युलियन यांना पदावरून काढून हद्दपार करण्यात आलं आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ऑगस्टीन यांचं मत कायम झालं.

मग इतकं कठोर मत लोकांनी स्वीकारलं तरी का? केवळ सत्तेच्या जोरावर? पेगल्सबाईंचं उत्तर मला सगळ्यांत मोलाचं वाटलं. माणसाला हतबल वाटण्यापेक्षा अपराधी वाटणं सोसवतं. ‘माझं चुकलं’ म्हटलं की निदान असं वाटतं, ते माझ्या हातात होतं, मी वेगळं वागले असते तर बाळ वाचलं असतं. ‘माझ्या हातात काहीच नव्हतं’ हे मान्य करणं त्याहून भयंकर. म्हणून आई ग्रहणातली विळी आठवते. हा विचार ज्या पुस्तकात आहे ते ‘अ‍ॅडम, ईव्ह अँड द सर्पंट’ मार्क गेल्यानंतरच्या वर्षी, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं.

आणि त्याच वर्षी जुलैत, कोलोरॅडोच्या डोंगरात चढाईला गेलेले हाइन्झ कड्यावरून पडून गेले. पदरात दत्तक घेतलेली दोन लहान मुलं. त्या दिवसांत तिथल्या स्नोमासच्या मठातल्या साधूंचा त्यांना आधार झाला. हळूहळू त्या पुन्हा शिकवू लागल्या, दोन्ही मुलं वाढवली. मनात जो संताप उसळत होता, त्याचाही त्यांनी अभ्यासच केला. आपल्यावर संकट आलं की माणूस दोषी शोधतो, सैतान शोधतो आणि शेवटी तो सैतान नेमका आपल्याला नको असलेल्या माणसांतच कसा दिसू लागतो, यावर त्यांनी १९९५ मध्ये ‘द ओरिजिन ऑफ सेटन’ लिहिलं. ‘व्हाय रिलिजन?’ हे २०१८ चं, पंच्याहत्तरीतलं. आणि २०२५ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, येशूच्या चरित्रावरचं त्यांचं ‘मिरॅकल्स अँड वंडर’ आलं.

हे वाचताना मला सारखी आठवण येत होती ती आपल्या पंडिता रमाबाईंची. बायबल मूळ भाषांतून वाचायचं म्हणून त्याही ग्रीक आणि हिब्रू शिकल्या आणि दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी सगळ्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, तिथल्या बायकांना ते समजावं म्हणून सोप्या मराठीत. छपाईसुद्धा तिथल्याच बायकांनी केली. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरीही रमाबाईंनी काम सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं, १९२४ मध्ये ते छापून निघालं. रमाबाई श्रद्धेने त्या ग्रंथाकडे गेल्या, पेगल्सबाई शंकेने. पण ‘दुसऱ्याने सांगितलेलं नको, मी स्वतः मूळ वाचीन’ हा हट्ट दोघींचा सारखाच.

परवा ती बाई पुन्हा भेटली. गटाच्या कामाला येऊ लागली आहे. बोलता बोलता तिने पुन्हा तोच विषय काढला. या वेळी मी नुसतं ‘तुझं काही चुकलं नाही’ म्हणून मोकळी झाले नाही. तिला मार्कची गोष्ट सांगितली. बायबलमधली आणखी एक गोष्टही सांगितली. जन्मांध माणसाला बघून शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? आणि येशू दोन्ही नाकारतो. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘एवढ्या शिकलेल्या बाईलाही असंच वाटलं?’’ म्हटलं, ‘‘हो, अगदी असंच.’’

ती काही बोलली नाही. पण जाताना पिशवीतून मुलाचा फोटो काढून दाखवला. दोन वर्षांत पहिल्यांदाच. फोटोत तो आमच्या देवळाच्या पायरीवर बसून कुल्फी खात होता. ‘‘फार आवडायची त्याला,’’ ती म्हणाली. सर्दी होते म्हणून द्यायला नको होती, असं या वेळी ती म्हणाली नाही.